पंप पाठीवर घेण्याआधी

सुरुवात हॉस्टेलपासूनच करतो, कारण धडा तिथंच मिळाला.

मे महिन्यातली गोष्ट. पेपर चालू होते. अकोल्याचा मे काय असतो हे इकडच्या पोरांना सांगायची गरज नाही, आणि बाहेरून आलेल्यांना तो एका उन्हाळ्यात कळतो. पारा ४५ च्या वर, रात्री बारा वाजताही भिंतींना हात लावला तर गरम लागतात. अशा वेळी रूममधला पत्र्याचा कूलर म्हणजे आमचं कुलदैवत. त्या रात्री टाकीतलं पाणी आटलं म्हणून मी बादली भरून आणली आणि अनवाणी, ओल्या पायांनी, चालू कूलरमध्येच पाणी ओतायला लागलो. डाव्या हातानं पत्र्याचा आधार घेतला आणि सणकन झटका बसला. बादली एकीकडे, मी दुसरीकडे. रूम पार्टनर आधी खो खो हसला, मग माझा चेहरा पाहून गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या सरांना हे सांगितलं. वाटलं होतं, सर चार शिव्या घालतील आणि विषय संपेल. सरांनी शांतपणे विचारलं, "काय करत होतास?"

"कूलरमध्ये पाणी टाकत होतो सर."

"हे कामाचं नाव झालं. मी काम विचारलं."

मला काही कळेना. सरांनी एका जुन्या जॉब शीटच्या पाठीमागे लिहायला सुरुवात केली. बादली भरणे. ओल्या फरशीवरून चालत येणे. कूलरचा बाजूचा दरवाजा काढणे. पाणी ओतणे. पातळी पाहायला वाकणे. पंपात कचरा अडकला का म्हणून आत हात घालणे. दरवाजा परत लावणे. सात पायऱ्या झाल्या. मग पेन माझ्या हातात देऊन म्हणाले, "यातल्या कोणकोणत्या पायरीवर तू मरू शकला असतास, तिथं फुली मार." मी चार फुल्या मारल्या. विशेष म्हणजे 'आत हात घालणे' ही पायरी मी आठवड्यातून दोनदा करत होतो, तीही कूलर चालू असताना, आणि तिचा मला कधी संशयसुद्धा आला नव्हता.

याला जॉब सेफ्टी ॲनालिसिस म्हणतात. आपल्या सिलॅबसमध्ये आहे, आपण व्याख्या पाठ केली आहे आणि मार्कही मिळवले आहेत. मोठ्या कारखान्यांत जोखमीचं काम सुरू करण्याआधी हा कागद भरावा लागतो. काम पायऱ्यांत तोडायचं, प्रत्येक पायरीवर काय काय बिघडू शकतं ते लिहायचं, आणि त्यावर उपाय ठरल्याशिवाय हात लावायचा नाही. एवढंच आहे ते.

यात दोन शब्दांची गल्लत होते. धोका आणि जोखीम. बिनकठड्याची विहीर हा धोका. रात्री शेतीची लाईन येते म्हणून अंधारात त्या विहिरीच्या काठानं मोटर चालू करायला जाणं, ही जोखीम. विहीर तीच, पण दिवसा लांबून जाणाऱ्याची जोखीम जवळजवळ शून्य. जोखीम मोजताना दोन गोष्टी बघायच्या : घडायची शक्यता किती आणि घडलंच तर परिणाम केवढा. माझ्या कूलरच्या बाबतीत शक्यता रोजची होती आणि परिणाम थेट घरी फोन जाण्याचा होता.

हे सगळं डोक्यात घेऊन मी गणपतीच्या सुट्टीत गावी गेलो. गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. घरी पाच एकर, त्यात पऱ्हाटी आणि तूर. बाबांची फवारणी चालू होती. आणि बांधावर उभा राहून मला पहिल्यांदाच वाटलं की आपण ज्याला 'फवारणी' म्हणतो तेसुद्धा नुसतं कामाचं नाव आहे.

२०१७ चं साल

आपल्यापैकी बहुतेकजण तेव्हा शाळेत होते. मी सातवीत होतो. यवतमाळ जिल्ह्यात त्या पावसाळ्यात, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर एकामागून एक दवाखान्यात भरती होऊ लागले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले. एकट्या त्या जिल्ह्यात २० हून अधिक माणसं गेली आणि बाधितांचा आकडा शेकड्यांत गेला. कुणाची दृष्टी अधू झाली, कुणी व्हेंटिलेटरवर. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतूनही विषबाधेच्या बातम्या येत होत्या. सरकारनं अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं.

आता हे त्याच वर्षी का झालं? फवारणी तर दरवर्षी होते. त्या वेळी जी कारणं पुढे आली ती पाहा. बीटी कपाशी २००२ मध्ये आली तेव्हा बोंडअळीची फवारणी संपली असं सांगितलं गेलं होतं, पण गुलाबी बोंडअळी तिला दाद देईनाशी झाली. २०१७ मध्ये तिचा हल्ला जबर होता, म्हणून फवारण्या वाढल्या. दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र करून मारली गेली. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती आणि दाट होती, म्हणजे फवारा कमरेच्या खाली न राहता तोंडाच्या पातळीवर आला. हवा दमट, उकाडा भयंकर, घामानं कपडे ओले. बॅटरीवर आणि पेट्रोलवर चालणारे पंप आले होते, त्यांचा झोत जोराचा आणि थेंब बारीक.

यातलं एकही कारण एकटं माणूस मारणारं नाही. सगळी एका दिवशी, एका माणसाच्या पाठीवर जमली. आणि त्या सकाळी पंप पाठीवर घेण्याआधी, यंदा काय वेगळं आहे, हा प्रश्न विचारणारं त्या शेतात कुणी नव्हतं. मला वाटतं, जोखमीच्या कामाआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच. काम रोजचं असलं तरी आजची परिस्थिती रोजची नसते.

बांधावरची वही

मी वही घेऊन बांधावर बसलो. बाबा म्हणाले, "काय लिवून रायला बे? माह्या नावानं तक्रार करतं काय?" मी म्हटलं, कॉलेजचं काम आहे. कॉलेजचं म्हटलं की आमच्याकडे सगळं माफ असतं.

दिवसभर पाहून मी पायऱ्या लिहिल्या. कृषी केंद्रातून औषध आणणं, म्हणजे दुकानदार जे देईल ते. घरात फळीवर ठेवणं, शेजारी मिठाची बरणी. बांधावर बादलीत औषध मिसळणं. माप म्हणजे बाटलीचं झाकण, ढवळायला काडी आणि काडी सापडली नाही तर हात. पुडी असेल तर दातानं फोडणं. पंप भरणं, वरून सांडणं. पंप पाठीवर घेणं. झाकणाचं रबर झिजलेलं, त्यामुळं पाठ ओली. ओळीतून चालणं, आमच्याकडे ओळीला तास म्हणतात. नोझल तुंबलं की तोंडानं फुंकणं. मध्ये पाणी पिणं, आणि त्याच हातानं खर्रा तोंडात टाकणं. संध्याकाळी पंप नाल्यावर धुणं. फवारणीचे कपडे माय धुते, घरच्या बाकी कपड्यांसोबत. रिकामी बाटली कोनाड्यात, 'कामात येते' म्हणून.

अकरा पायऱ्या झाल्या. यातल्या फक्त एका पायरीला आपण फवारणी म्हणतो, ती म्हणजे तासातून चालणं. आणि सगळा उपदेश, सगळी पोस्टर्स, रुमालानं नाक बांधा, मास्क लावा, हे त्या एका पायरीसाठी असतं.

हिशेब करून पाहा. १५ लिटरच्या पंपात ३० मिली औषध टाकलं तर ते ५०० पट पातळ झालं. म्हणजे मिसळताना बोटावर पडलेला एक थेंब हा फवारताना अंगावर पडलेल्या ५०० थेंबांच्या बरोबरीचा! आणि मिसळताना कुणीच हातमोजे घालत नाही, कारण 'अजून फवारणी सुरू कुठं झाली?' मला विचाराल तर ११ पायऱ्यांतली सगळ्यांत घातक पायरी ही बादलीची आहे.

दुसरा गैरसमज, विष नाकातून जातं. कपाशीवरच्या कितीतरी औषधांचा गट ऑरगॅनोफॉस्फेट आहे आणि ती कातडीतून सरळ आत जातात. ओला, झिरपणारा पंप पाठीवर घेऊन सहा तास चालणं म्हणजे पाठीला विषाची पट्टी बांधून ठेवण्यासारखं आहे. घामानं भिजलेली बनियन ते आणखी धरून ठेवते. दुपट्टा तोंडाला बांधला असेल तर तोही भिजतो, आणि मग त्या ओल्या दुपट्ट्यातून आपण श्वास घेतो. संरक्षण म्हणून बांधलेली गोष्टच धोका होऊन बसते.

आता आपल्या ब्रँचचा मुद्दा. फवाऱ्याचे थेंब किती बारीक आहेत यावर पुष्कळ काही ठरतं. १०० मायक्रॉन व्यासाचा थेंब एक मीटर उंचीवरून साधारण ४ सेकंदांत खाली येतो. १० मायक्रॉनच्या थेंबाला स्टोक्सच्या नियमानं त्याच अंतराला ५ मिनिटांहून जास्त लागतात. तोपर्यंत तो हवेत तरंगतो, वाऱ्यासोबत फिरतो आणि नाकातोंडात जातो. शिवाय व्यास दहावा हिस्सा झाला की तेवढ्याच पाण्यातून हजारपट थेंब तयार होतात. पंपाचा दाब वाढवला की थेंब बारीक होतात. म्हणजे 'पंप भारी आहे, धुकं करते' ही जी आपण तारीफ करतो, ती मारणाऱ्याच्या दृष्टीनं तारीफ नाहीच. फ्लुइड मेकॅनिक्स शिकताना ही गोष्ट कुणी आमच्या शेताला लावून दाखवली असती तर तो पेपर एवढा जड गेला नसता, असो.

शिडी, आणि आपण ती उलटी का चढतो

धोके सापडले, आता उपाय. इथं सरांनी सांगितलेली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. उपायांची एक ठरलेली उतरंड आहे. सगळ्यांत वर : धोकाच काढून टाका. ते जमत नसेल तर कमी धोक्याची वस्तू वापरा. तेही नाही तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये यंत्रानं आडोसा घाला. मग नियम, वेळ, पद्धत, प्रशिक्षण. आणि सगळ्यांत शेवटी अंगावर घालायच्या वस्तू, म्हणजे हेल्मेट, मास्क, हातमोजे. क्रम असा का? वरचे उपाय माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून नसतात. शेवटचा उपाय मात्र रोज, प्रत्येक वेळी, दमलेल्या माणसानं आठवणीनं पाळावा लागतो, आणि तो चुकला की मध्ये दुसरं काहीच नसतं.

२०१७ नंतर शेतकऱ्यांना संरक्षक किट वाटण्यात आले. चांगलंच झालं. पण बरेच लोक सहज बोलून गेले की, मास्क घातला नाही म्हणून मेले. हे मला पटत नाही. सप्टेंबरच्या उकाड्यात, तीन-चार बोटं उकललेल्या ढगातून ऊन येत असताना, प्लास्टिकचा कोट घालून १५ किलोचा पंप उचलून पाहा. अर्ध्या तासात चक्कर येईल. त्यात मजुराला पैसे पंपावर मिळतात, जितके पंप तितके पैसे. त्याला थांबायला, कोट काढायला, हात धुवायला वेळ परवडत नाही. शेवटच्या पायरीचा उपाय पहिला म्हणून दिला आणि तो पाळला गेला नाही की दोष मरणाऱ्यावर टाकला, असं ते झालं.

मग वरून सुरुवात केली तर काय दिसतं?

काढून टाका : फवारणीच टळली तर? कामगंध सापळे हेक्टरी पाच लावून रोज पतंग मोजायचे. सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी आठ पतंग मिळाले किंवा १० टक्के फुलं-बोंडं किडकी दिसली, तरच बोंडअळीसाठी औषध. नाहीतर नाही. शिवाय फरदड घ्यायची नाही. डिसेंबरनंतर उभी ठेवलेली पऱ्हाटी म्हणजे पुढच्या वर्षीच्या अळीचं वसतिगृहच. हे कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं. आपण सुरक्षेचा उपाय म्हणून ते कधी ऐकलं नाही, पण न मारलेला पंप हा सगळ्यांत सुरक्षित पंप आहे.

बदला : डब्यावर जो चौकोन असतो त्यातल्या त्रिकोणाचा रंग पाहायचा. लाल म्हणजे अति तीव्र विष, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. सुरुवातीच्या किडींना ५ टक्के निंबोळी अर्क चालतो. लाल त्रिकोणातलं मोनोक्रोटोफॉस यवतमाळच्या वेळी चर्चेत होतं. २०१८ च्या हंगामात राज्य सरकारनं आपल्या विभागात त्याच्यासह पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली आणि २०२३ मध्ये केंद्रानं ते टप्प्यानं बंद करण्याचा आदेश काढला. एका सहीनं लाखो मास्कचं काम होतं ते असं.

आडोसा घाला : इथं आपण येतो, इंजिनिअरिंगची पोरं. झाकणाचं नवं रबर, बाजारात अगदी किरकोळ किमतीला मिळतं. मिसळायला झाकणाचा ड्रम, आत पट्ट्याची ढवळणी, खाली कॉक आणि पाईप, म्हणजे बादली नाही, हात नाही, सांडणं नाही. पऱ्हाटीचा शेंडा वेळेवर खुडला तर झाड तोंडाच्या खाली राहतं; मला तर हासुद्धा यांत्रिक उपायच वाटतो.

पद्धत : वारा ज्या टोकाकडे वाहतो त्या टोकाच्या तासापासून सुरू करायचं आणि वाऱ्याच्या उगमाकडे एकेक तास सरकत यायचं, म्हणजे आपण नेहमी कोरड्या झाडांत राहतो. नळी समोर न धरता वाऱ्याच्या बाजूला. भर दुपारी नाही. आणि थांबायचं कधी, हे सुरू करण्याआधी ठरवायचं. बांधावरच्या बाभळीच्या फांद्या हलायला लागल्या की बंद, मग टाकीत औषध उरलेलं असो. काम अर्ध्यात असताना माणूस थांबत नाही, हे आपण सबमिशनच्या रात्रीही पाहतो.

आणि मग किट. हातमोजे मिसळतानाच घालायचे, हे मात्र सक्तीचं.

बाबांशी झालेलं बोलणं

हे सगळं मी रात्री बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "वीस वर्सापासून औषध मारून रायलो. मले का झालं?"

याला उत्तर देणं सोपं नाही. वर्कशॉपमध्येही चकची चावी लावून ठेवून लेथ चालू करणारे ऑपरेटर हेच म्हणतात. शंभर वेळा काही झालं नाही याचा अर्थ काम सुरक्षित होतं असा नसतो, शंभर वेळा सगळी कारणं एकत्र आली नाहीत एवढाच असतो. पण हे वाक्य बापाला तोंडावर म्हणता येत नाही. मी फक्त विचारलं, "बाबा, संध्याकाळी डोकं जड होते, जेवन जात नाई, ते कायचं?"

"ते ऊन लागते."

माय चुलीपुढून म्हणाली, "पावसाच्या दिवसाईतही ऊन लागते काय तुमाले?"

त्यावर कुणी काही बोललं नाही. पण मला वाटतं, माझ्या वहीपेक्षा त्या एका वाक्यानं जास्त काम केलं.

इथं एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, कारण आपल्यापैकी अर्ध्याहून जास्त पोरांच्या घरी पंप आहे. डोकं दुखणं, मळमळ, फार घाम, तोंडाला लाळ सुटणं, अंधुक दिसणं, डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणं, छाती भरल्यासारखी वाटणं, हे ऊन लागणं नव्हे. काम तिथंच थांबवा. ओले कपडे काढा, साबण लावून भरपूर पाण्यानं अंग धुवा, ओकारी मुद्दाम काढू नका, आणि माणसाला घेऊन लगेच दवाखाना गाठा. सोबत औषधाची बाटली किंवा लेबल न्याच. ऑरगॅनोफॉस्फेटवर ॲट्रोपिन देतात, पण प्रत्येक औषधाला उतारा नसतो आणि दोन-तीन औषधं मिसळली असतील तर डॉक्टरांनाही कोडं पडतं. २०१७ मध्ये कोणतं विष पोटात गेलं हेच कळायला अडचण होती. म्हणून कागद भरताना शेवटची ओळ ही असावी : बिघडलंच तर कोण धावणार, कशानं नेणार, आणि हाकेच्या अंतरावर दुसरा माणूस आहे का. एकट्यानं फवारणी नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दर्यापूरला गेलो. झाकणाचं रबर घेतलं, हातमोज्यांचे दोन जोड, एक मापाचा पेला आणि दोन जादा नोझल. नोझल तुंबलं की खिशातलं दुसरं लावायचं, फुंकायचं नाही. ड्रमची ढवळणी मी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये भंगार पीव्हीसी पाईप आणि पत्र्याच्या पट्टीतून केली, सरांनी त्यात दोनदा चुका काढल्या. बांधावरच्या लिंबाला पाण्याची कॅन आणि साबण टांगला. फवारणीचे कपडे आता वेगळ्या टोपल्यात धुतात, आणि धुणारी माय हातमोजे घालते. रिकाम्या बाटल्यांना भोक पाडून ठेवतो, म्हणजे कुणी त्यात काही भरणार नाही.

खर्रा सुटला नाही. ते माझ्या ताकदीच्या बाहेरचं आहे. पण हात धुऊन खातात.

अवघड गोष्ट वेगळीच निघाली. आमच्याकडे दोन फवारण्यांना गावातले एक काका मजुरीनं येतात. पंपामागे पैसे. मी बाबांना म्हटलं, काकांना रोजानं पैसे द्या, म्हणजे ते घाई करणार नाहीत. बाबा म्हणाले, "मंग पंप कमी निंघतीन, त्याचा खर्च कोन देईन?" प्रश्न बरोबर आहे. पाच एकरवाल्याच्या खिशात त्याचं उत्तर नाही. शेवटी तोडगा निघाला तो अर्धवटच : पंपाचा भाव थोडा वाढवून दिला आणि दिवसाला पंपांची संख्या बांधून टाकली, त्यावर नाही. काकांना हे फारसं आवडलेलं नाही. त्यांना दुसऱ्या शेतात जास्त पंप मारता येतात आणि ते तिथं जातात. आपला कागद आपल्या बांधापर्यंतच चालतो, हे मला तिथं कळलं.

असाच बांध कारखान्यालाही असतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात एक कलम खास कापसाचं होतं : प्रेसमध्ये जिथं कॉटन ओपनर चालतो त्या भागात बाया आणि मुलं कामावर ठेवायची नाहीत, आणि मध्ये छतापर्यंत पडदी असेल तरच भरणीच्या बाजूला ठेवता येईल. पाहा, कायदा लिहिणाऱ्यांनीसुद्धा 'सांभाळून काम करा' असं न लिहिता मध्ये भिंत घातली. शिडीची वरची पायरी! पण तोच कापूस ज्या शेतात पिकतो तिथल्या पाठीवरच्या पंपाला भिंत कोण घालणार? प्रोजेक्टचे विषय शोधत इंटरनेटवर फिरणाऱ्या फायनल इयरच्या मित्रांनो, न सांडता भरता येईल असा, पाठीला न झिरपणारा, गरिबाला परवडेल असा पंप अजून कुणीतरी करायचा बाकी आहे.

पुन्हा कूलर

सुट्टीवरून आल्यावर आमच्या रूमनं कूलरचा कागद नव्यानं भरला. 'पाणी टाकताना प्लग काढा' असा कागद भिंतीवर चिकटवणं हा नियमाचा उपाय, शिडीवर खालून दुसरा. रात्री झोपेत तो कुणी वाचत नाही. त्यापेक्षा वर चढलो. पत्र्याऐवजी फायबरची बॉडी हा बदलीचा उपाय, पण पैसे नव्हते. मग आडोसा. तीन पिनचा टॉप, खरीखुरी अर्थिंग, आणि बोर्डावर आरसीसीबी.

बरेच जण म्हणाले, एमसीबी आहे ना! एमसीबी १६ अँपिअरची. ती तारा जळू नयेत म्हणून असते, माणसासाठी नसते. माणसाला मारायला ०.१ अँपिअरही पुरेसा होतो आणि तेवढ्यानं १६ ची एमसीबी जागची हलत नाही. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट ताडून पाहते, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या आत लाईन तोडते. मात्र ती आहे म्हणून ओल्या पायांनी जायचं असं नव्हे, कारण फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला तर तिला फरक कळतच नाही.

अर्ज लिहिला, त्याला ती सात पायऱ्यांची शीट जोडली. वॉर्डन सरांनी वाचून विचारलं, "या चार फुल्या कशाच्या?" सांगितल्यावर त्यांनी लगेच सही केली. आमच्या विंगला आरसीसीबी बसली, मागच्या विंगची अजून यायची आहे. तोवर मागच्या विंगवाल्यांनो, प्लग काढूनच पाणी टाका, आणि कूलरला लोखंडी खाट टेकवू नका. आणि आमच्या विंगवाल्यांनो, तिच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण आहे. ते दाबलं की लाईन गेली पाहिजे. नाही गेली तर ती बिघडलेली आहे. दर महिन्याच्या १ तारखेला, संध्याकाळी जेवणाच्या घंटेआधी, रूम नंबर एकपासून पाळीपाळीनं ते दाबून पाहायचं ठरलं आहे. या महिन्याची पाळी कुणाची, ते बोर्डाशेजारीच लिहिलं आहे.